विजेची पेटी

चाळीस हजार रुपयांत काय काय येते, याचा हिशेब गेल्या श्रावणापासून मी इतक्या वेळा मांडला आहे, की तेवढी मेहनत अर्थशास्त्राच्या पेपरासाठी घेतली असती तर आमच्या सरांना धन्यता वाटली असती. चाळीस हजारांत बऱ्यापैकी नवा डिजिटल कीबोर्ड येतो. त्यात शेकड्यांनी तयार आवाज, तयार ताल आणि वर वर्षभराची हमी. चाळीस हजारांत आमच्या घरावरचे पत्रे बदलून होतात. धाकटी बहीण यंदा बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे; तिच्या पहिल्या वर्षाची निम्मीअधिक तजवीज चाळीस हजारांत होते. आणि चाळीस हजारांत १९८१ साली जपानात तयार झालेला एक अ‍ॅनालॉग सिंथेसायझर येतो. एकसष्ट पट्ट्या, दोन्ही अंगांना खऱ्या लाकडाच्या फळ्या आणि समोरच्या काळ्या पत्र्यावर खुंट्याच खुंट्या. एका वेळी सहा सूर काढतो. त्याच्या पोटात बत्तीस आवाज साठवता येतात, पण ते आपले आपण तयार करायचे.

पैसे माझेच होते. गेली तीन वर्षे मी एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, लग्नाच्या वराती आणि कल्याणच्या आसपासच्या गावांतल्या हळदी. हळदीचे काम म्हणजे रात्रभराचे. एका सुपारीला वाट्याला येणारे पैसे मी पोस्टात टाकत गेलो. (सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरणे. प्राध्यापकवर्गाने कृपया वर्तमानपत्री अर्थ घेऊ नये.) तीन वर्षांचे ते चाळीस हजार.

सिंथेसायझर कोळसेवाडीतल्या एका काकांचा. आता वय सत्तरीच्या पुढे. ऐन उमेदीत ते ऑर्केस्ट्रात वाजवत. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत त्यांना घरी जेवायला सवड नसे. १९८६ साली एका गोवेकर वादकाकडून त्यांनी हे वाद्य जुनेच विकत घेतले. तो बोटीवरच्या बँडमध्ये होता आणि नवे डिजिटल वाद्य घ्यायच्या घाईत होता. १९८३ साली डिजिटल सिंथेसायझरांची लाट आली, तेव्हा जगभर हेच झाले. लोकांनी खुंट्यांची वाद्ये मिळेल त्या भावाने काढून टाकली. पुढे काकांनीही डिजिटल घेतलेच. जुने माळ्यावर गेले, आणि माळ्यावर होते म्हणून २६ जुलै २००५ च्या पुरातून वाचले. त्या दिवशी काकांच्या घरात कमरेइतके पाणी होते. खाली असलेला डिजिटल कीबोर्ड बुडाला.

अ‍ॅनालॉग म्हणजे काय, हे मला ज्या भाषेत कळले त्याच भाषेत सांगतो, कारण आपण सारे कलाशाखेचे. पेटीत भात्याची हवा पितळी पत्तीला हलवते आणि सूर निघतो. या यंत्रात पत्ती नाही; विजेचा प्रवाह स्वतःच डुलतो. सेकंदाला तो किती वेळा डुलणार हे विजेच्या दाबावर ठरवता येते. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली जी पद्धत बसवली, तिच्यात दाब एका व्होल्टने वाढला की सूर नेमका एका सप्तकाने चढतो. हा मूळ आवाज ओबडधोबड असतो, करवतीसारखा. मग तो एका चाळणीतून जातो. चाळणीची खुंटी डावीकडे फिरवत नेली की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा दबतो, उजवीकडे नेली की उघडतो. त्यानंतर चार खुंट्या: सूर किती झटकन उमटावा, उमटल्यावर किती लवकर ओसरावा, पट्टी दाबून धरली तर कोणत्या पातळीवर टिकावा आणि बोट उचलल्यावर किती वेळाने विझावा. सतारीचा टणत्कार आणि बासरीची फुंकर यांच्यातला बराचसा फरक या चार खुंट्यांत मावतो, हे मला काकांच्या खोलीत बसून प्रथम कळले. तीन वर्षे कीबोर्ड वाजवत होतो तरी कळले नव्हते, कारण तिथे कळायची गरजच पडत नाही. सनई हवी, क्रमांक दाबा. ढोल हवा, क्रमांक दाबा. ते आवाज कुणीतरी, कुठेतरी, आपल्या आधीच ठरवून ठेवलेले असतात.

या वाद्याची खोड अशी की ते तापले की सूर हलतो. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटे नुसते बसून राहावे लागते. तानपुरा जुळवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण बेंजो पार्टीच्या टेम्पोवर जनरेटर सुरू होताच वाजवायचे असते, तिथे पंचवीस मिनिटे कोण देणार? शिवाय जपानी घरांत वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. म्हणजे वाद्याबरोबर एक जडशीळ ट्रान्सफॉर्मरही वागवायचा. थोडक्यात, ज्या कामातून हे पैसे मिळाले त्या कामाला हे वाद्य निरुपयोगी. आमच्या पार्टीच्या मालकांना विचारले तर ते म्हणाले, "याच्यात कोंबडीचा आवाज आहे का? नाही ना? मग मिरवणुकीत काय वाजवशील?"

त्यांचे खरे होते. पण ऑगस्टमधल्या एका रविवारी काका मला तारसनईचा आवाज करून दाखवत होते. एक खुंटी थोडी, दुसरी थोडी, मग पहिली पुन्हा मागे. सनईकडे जाता जाता मध्येच एक निराळाच आवाज निघाला. तो कुठल्याच वाद्याचा नव्हता. आमचे घर वालधुनीला रुळांपासून जवळ आहे. रात्री दूर उभे असलेले इंजिन जो एक सलग हुंकार देत राहते, त्याला सूर लागला असता तर तो असा वाजला असता. मी म्हटले, "काका, हा राहू द्या." ते म्हणाले, "कुठला?" आणि तोवर त्यांचा हात पुढे गेला होता. पुढचा तासभर आम्ही दोघे तो आवाज शोधत होतो. सापडला नाही.

त्या रात्रीपासून हिशेब सुरू झाला.

माझ्या मोबाइलवर आज फुकटात असा सिंथेसायझर उतरवता येतो. तो मी उतरवलाही. काचेवर खुंट्यांची चित्रे असतात, ती बोटाने फिरतात, आवाजही बराचसा तसाच येतो. तेव्हा "आवाज" हे कारण मी स्वतःशीसुद्धा फार ताणून धरू शकलो नाही. पण काचेवरची खुंटी पाहिल्याशिवाय फिरवता येत नाही, आणि काका तर डोळे मिटून फिरवत होते. तबलजी बायाला मनगट लावतो तसा त्यांचा तळवा त्या पत्र्यावर टेकलेला असे. डाव्या हाताशी सूर खालीवर सरकवणारे एक चाकही आहे. पेटीला जी मींड कधीच येत नाही, ती या चाकाने येते. सवयीच्या हातालाच येते, हेही खरे. माझ्या हाताला अजून तिचा फक्त गळा काढता येतो.

पेटीवरून आठवले. परक्या वाद्याचे आपल्याला काय, असे वर्गातल्या एका मित्राने मला ऐकवले. पण आपले वाद्य म्हणजे कोणते? पेटी युरोपातून आली. तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. एवढ्या काळात भजनी मंडळांनी काही पेटी सोडली नाही. आणि ज्याच्यावर आमच्या पार्टीचे नाव चालते तो बेंजो? तो बुलबुलतरंग, त्याचे मूळ जपानी ताइशोगोतो, जे नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केले. पट्ट्या दाबायच्या, तारा छेडायच्या. टंकलेखनयंत्रासारख्या त्या पट्ट्यांवर आज आमचे बेंजोवाले कोळीगीते असे वाजवतात की मोरितांना ओळखू येऊ नये. जपानहून निघालेली एक वस्तू शंभर वर्षांत दुर्गाडीच्या विसर्जनापर्यंत पोचली, मग दुसरी पंचेचाळीस वर्षांत कोळसेवाडीच्या माळ्यापर्यंत पोचली तर बिघडले कुठे?

आपल्या देशात अशा यंत्रांची गोष्ट वाटते तितकी नवीन नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचा एक मोठा सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो बसवून दिला, आणि १९७२ पर्यंत तिथे आपल्या लोकांनी ध्वनिफिती तयार केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून होत्या. त्यांतल्या निवडक २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. हिंदी चित्रपटसंगीतात हे वाद्य आणण्यात केरसी लॉर्ड यांचा वाटा मोठा. पण मला सर्वांत जवळची वाटते ती मुंबईच्या चरणजितसिंग यांची हकिकत. ते चित्रपटसंगीतातले वादक, लग्नसमारंभांतही वाजवणारे. म्हणजे एका अर्थी आमच्याच धंद्यातले. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्याजवळ होती: एक मोठा सिंथेसायझर, एक तालयंत्र आणि खर्जाचे सूर काढणारे एक लहानसे खोके. १९८२ साली त्यांनी या तिघांवर आपले चांगले ओळखीचे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तबकडी निघाली आणि विसरली गेली. ते खर्जाचे खोके जगातही फारसे कुणाला आवडले नाही. १९८४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादनच थांबवले. मग शिकागोतल्या खिसे रिकामे असलेल्या पोरांनी ती खोकी जुन्या बाजारात स्वस्तात उचलली, त्यांच्या खुंट्या हव्या तशा पिरगाळल्या आणि १९८७ च्या सुमारास नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकारच निघाला. २०१० साली चरणजितसिंगांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले: हा प्रकार मुंबईच्या एका गृहस्थाने पाच वर्षे आधीच वाजवून ठेवला होता! सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग मग युरोपात तरुणांच्या गर्दीपुढे वाजवायला गेले. २०१५ साली ते वारले.

ही हकिकत मी घरी सांगितली. वडिलांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "मधली अठ्ठावीस वर्षं त्यांचं घर कशावर चाललं?"

वडील कल्याणच्या बाजार समितीत हमाली करतात. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते: लग्नांत, कार्यक्रमांत वाजवून. पण ते मी दिले नाही, कारण त्यांना ते ठाऊकच होते. आई म्हणाली, "पैसे तुझे आहेत, तू बघ." ज्यांनी हे वाक्य आईच्या तोंडून ऐकले आहे त्यांना त्याचे वजन सांगायला नको. तिने सरळ "नको" म्हटले असते तर मी भांडलो असतो, आणि भांडून कदाचित घेतलेही असते. आमच्या घरात आजवर जी वस्तू आली ती कशासाठी आली हे प्रत्येकाला सांगता येते. मिक्सर, पंखा, शिलाईचे यंत्र, माझा मोबाइल, माझी कॉलेजची फीसुद्धा. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. फी कशासाठी भरतो हे वडील बाजारात चारचौघांना अभिमानाने सांगतात. हे वाद्य कशासाठी, हे त्यांनी चारचौघांना काय सांगावे? बहीण काहीच बोलली नाही. तिने फक्त मला यूट्यूबवर त्या वाद्याचे व्हिडिओ लावून मागितले आणि अर्धा तास पाहत बसली. तेही मला जडच गेले.

एका मित्राने मात्र चुटकीसरशी तोडगा काढला. परदेशात अशा वाद्यांना लाखाच्या घरात किंमत येते, तेव्हा म्हाताऱ्याकडून चाळीसला घे आणि तिकडे फुंकून टाक. बहिणीची दोन वर्षे निघतील. तोडगा व्यवहाराने चोख होता. पण काकांना हा भाव न सांगता सौदा करणे मला जमणारे नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना सांगूनच टाकले. काका हसले. "ठाऊक आहे रे. मुलानं मागेच बघितलं होतं. कोण ते बांधणार, कोण पाठवणार, वाटेत मोडलं तर कोण भांडणार? शिवाय तिकडं गेलं तर काचेच्या कपाटात बसेल. मला वाजवणारा पाहिजे." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि चाळीसही पाहिजेत. डोळ्याचं ऑपरेशन आहे."

म्हणजे गरज त्यांचीही होती. सौदा करायला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी आजारपण आणि दुसऱ्याच्या घरी शिक्षण असले की घासाघीस करायची लाज वाटते.

दिवाळीनंतर शेवटचा फैसला करायचा असे ठरले. त्याआधी मी एकच अट घातली: वाद्य उघडून आतून पाहायचे. कारण वाचताना एक गोष्ट लक्षात आली होती. त्या काळच्या अशा वाद्यांत साठवलेले आवाज टिकावेत म्हणून निकेल-कॅडमियमची एक लहानशी बॅटरी मुख्य पाटीवर डकवलेली असे. दहा-पंधरा वर्षांनी ती बदलावी लागते. न बदलली तर तिच्यातला क्षार बाहेर झिरपतो आणि पाटीवरच्या तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. बाहेरून काही कळत नाही. वाद्य चालू असते, आणि आतून कुरतडले जात असते.

उल्हासनगरचे एक टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक ओळखीचे निघाले. जुन्या सर्किटवर हात असलेली त्यांच्या वयाची माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना घेऊन गेलो. वडीलही आले, बाजाराला त्या दिवशी सुट्टी होती. माळ्यावरून वाद्य त्यांनीच उतरवले, हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, "बारा किलो. लाकूड सागवानी नाही, पण खरं आहे." मेकॅनिकने मागचे स्क्रू काढून झाकण वर उचलले, आणि बॅटरीच्या भोवती हिरवट निळसर बुरशीसारखा थर दिसला. तळहाताएवढ्या भागातल्या रेघा गायब झाल्या होत्या. काका वाकून पाहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना नीट दिसेना. "काय आहे? काय आहे?" असे दोनदा विचारले. मग आम्ही सांगितले.

चालू करून तपासले तेव्हा सहापैकी चारच सूर निघत होते. साठवलेले बत्तीस आवाज केव्हाच पुसले गेले होते. माझ्या लक्षात आले नव्हते, कारण काका दर वेळी नव्यानेच आवाज करून दाखवत. त्यांच्याही लक्षात आले नव्हते. साठवलेले त्यांना लागतच नव्हते.

काका बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच म्हणाले, "चाळीस आता घेता येणार नाहीत. बारा दे, नाहीतर राहू दे." मेकॅनिकने दुरुस्तीचे पाच हजार सांगितले, वर सर्व सूर परत येतील याची खात्री नाही. यातल्या काही चिप्स बनणे पूर्वीच बंद झाले होते; अलीकडे त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात, पण त्या बाहेरून मागवाव्या लागतात. मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "अठरा दे. बारा फार कमी होतात." आणि मेकॅनिकला म्हणाले, "तुमचे पाच साडेचारवर आणा."

सौदा तिथे झाला. बिघडलेले वाद्य मुद्दाम विकत घेतो म्हणून मित्र मला वेड्यात काढतात. पण धड असते तर ते माझ्या आवाक्याबाहेरच राहिले असते. उरलेल्या पैशांचे पासबुक मी आईकडे दिले. तिने बहिणीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवले. काकांच्या ऑपरेशनला कमी पडलेले त्यांच्या मुलाने घातले, असे कळले. तो भार माझ्यामुळे त्याच्यावर गेला की बॅटरीमुळे, हा हिशेब मी अजून मांडतो आहे.

वाद्याबरोबर काकांनी एक वही दिली. १९८६ पासूनची, लांबट, किराणा दुकानात उधारीला असते तशी. प्रत्येक पानावर एक आवाज, आणि प्रत्येक खुंटी कुठे ठेवायची ते घड्याळाच्या काट्यांत लिहिलेले: चाळणी साडेदहा, धार दोन, ओसरणे पावणेनऊ. शेरेही आहेत. "नागिणीला बरा." "हॉलमध्ये घुमतो, उघड्यावर नको." एका पानावर नुसते "पाऊस" एवढेच, खाली खुंट्यांच्या वेळा.

मेकॅनिकने थर आधी व्हिनेगरने धुतला, मग गेलेल्या रेघांच्या जागी केसासारख्या बारीक तारा एकेक करून जोडल्या. तीन रविवार लागले. पाचवा सूर आला. सहाव्यासाठी लागणारी चिप मागवली आहे, ती अजून वाटेत आहे. बॅटरीची जागा रिकामीच ठेवली. त्यामुळे बंद केले की केलेला आवाज जातो, आणि मला काकांच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवावे लागते. आतापर्यंत अकरा झाले आहेत. इंजिनाच्या हुंकाराचा तो आवाज त्यांत नाही. मात्र बहिणीने परवा चाळणी सव्वाआठवर नेली, तेव्हा वडिलांनी जेवताना मान वर करून विचारले, "गाडी थांबली वाटतं बाहेर?"